बिनबोटांची भुतं

पुण्यात कुणाला घाबरवणं हे मुळातच दुर्घट काम. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. तेव्हापासून शनिवारवाड्यात म्हणे पौर्णिमेच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक येते. पण वाड्यासमोर उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याची तक्रार भुताबद्दल नसते, पार्किंगबद्दल असते. साक्षात भुतांच्या राजाच्या नावाची वेताळ टेकडी, तर तिच्यावर लोक पहाटे अर्ध्या चड्डीत कोलेस्टेरॉल उतरवायला जातात. अशा गावात माझ्या भाचीला भीतिदायक हातमोजे हवे होते. तेही क्रोशाचे. तेही बिनबोटांचे.

भाचीचं ऑफिस हिंजवडीत आणि साहेब अमेरिकेत, त्यामुळे ती रात्री जागते. २०२४ च्या दसऱ्याच्या सुमारास तिचा फोन आला.

“मावशी, एकतीसला हॅलोविन आहे, तिकडचा भुतांचा सण. सगळे व्हिडिओ कॉलवर वेश करून बसणार. मला टाइप करायचं असतं गं, म्हणून बोटं उघडी हवीत. बाकी काहीही कर, फक्त स्पूकी कर.”

“एकतीसला नरक चतुर्दशी आहे,” मी म्हटलं.

“मग झालंच की! थीम तीच आहे.”

सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी हिशोब मांडला. “आपले पितर दोन तारखेला सर्वपित्रीला जेवून गेले. आता हे मागे कोण राहिलेत?” मी त्यांना समजावलं, की हे आयर्लंडकडचे. तिथे पूर्वी सलगम कोरून आत दिवा ठेवायचे; ती माणसं अमेरिकेत गेली, तिथे भोपळे मुबलक, म्हणून भोपळा आला. शिवाय बटाट्याचा दुष्काळ पडला तेव्हा, १८४५ नंतर, तिथल्या कितीतरी बायकांनी क्रोशाच्या लेसवर घर चालवलं. म्हणजे भूत आणि सुई दोन्ही एकाच गावची. सासूबाईंनी एवढंच विचारलं, “त्या कोरलेल्या भोपळ्याचा गर काय करतात? घारगे?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

लोकर आणायला तुळशीबागेत गेले. ऑक्टोबरचं ऊन, दिवाळीची गर्दी, आणि मी मागतेय काळी लोकर.

“काळं संक्रांतीला लागतं,” दुकानदार म्हणाले. “आत्ता पांढरं बघा, केशरी बघा.”

“केशरीही द्या.”

“बाळाचं टोपडं का?”

“नाही, भोपळा. पांढऱ्याची कवटी.”

त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही. तिन्ही गुंड्या पिशवीत घातल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. पुण्यातल्या दुकानदाराला गप्प करता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

बिनबोटांचा हातमोजा ऐकायला सोपा वाटतो. बोटं नाहीत म्हणजे कटकटच नाही. मनगटाची पट्टी आधी आडवी विणायची, मागच्या कडीतून मुके खांब (क्रोशाचे बुटके टाके) घालत, म्हणजे ती ताणली जाते आणि परत जागेवर येते. मग तिच्या काठावर टाके उचलून गोल फेऱ्या. अंगठ्याशी आलं की काही टाके सोडून साखळीचा पूल बांधायचा आणि पुढे निघायचं. हे सगळं मला झोपेत येतं. काळ्या लोकरीत मात्र झोपेतच करावं लागतं, कारण जागेपणी काही दिसत नाही. टाका कुठे संपला, कडी कुठली, भोक कुठलं, सगळा एकच अंधार. मांडीवर पांढरा पंचा अंथरला, तर थोडं दिसायला लागलं. दिवसा खिडकीत बसावं, तर दिवसा चकल्या. शेवटी मुलाचा राजगडच्या ट्रेकचा दिवा कपाळाला बांधला आणि घरातले झोपल्यावर बाल्कनीत बसले. खालून वॉचमनने वर पाहिलं तेव्हा त्याला चौथ्या मजल्यावर एक डोळा दिसला, आणि त्या डोळ्याखाली दोन हात काहीतरी उपसत होते. या सगळ्या खटाटोपात पहिला घाबरलेला पुणेकर तो. पण तो मूळचा बीडचा निघाला, तेव्हा तोही धरता येत नाही.

आता कवटी. गोल फेऱ्यांत मुके खांब घालत गेलं, की प्रत्येक खांब खालच्या खांबाच्या जरासा उजवीकडे बसतो. साध्या नळीत हे कुणाला कळत नाही. चित्र विणायला घेतलं की कळतं. माझी कवटी वर चढता चढता कलत गेली आणि पुरी झाली तेव्हा रात्रभर उंच उशीवर झोपून मान अवघडलेल्या माणसासारखी दिसायला लागली. दहशत बसण्याऐवजी तिला आयोडेक्स लावावंसं वाटत होतं. सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं.

“ही विजेच्या डीपीवरची ना? सावधानवाली?”

“हो, तशीच.”

“मग खाली ४४० व्होल्ट लिही. नाहीतर कळत नाही.”

दुसऱ्या हातावर भोपळा घ्यायचं ठरलं. आणि इथे खरी भुताटकी सुरू होते. पहिला मोजा कुणीही विणतं. उत्साह असतो, लोकर नवी असते. दुसरा म्हणजे झालेलंच काम पुन्हा, वर ते हुबेहूब व्हायला हवं. त्यात चित्र हाताच्या पाठीवर, म्हणजे अंगठ्याचं भोक आता दुसऱ्या बाजूला. पहिल्याचा नमुना उलटा वाचायचा. पहिला नवरात्र उरकल्यावर निवांत विणलेला, दुसरा चिवडा, लाडू, करंज्या आणि ‘आकाशकंदिलाची वायर कुठाय’ यांच्यामधून. हात सैल असला की मोजा सैल, माणूस आवळलेला की मोजा आवळलेला. माझा दुसरा मोजा पहिल्याच्या धाकट्या भावाचा निघाला.

उसवायला वेळ नव्हता. ॲक्रिलिकला इस्त्री टेकवली तर वितळतं, पण वाफ दिली की सैलावतं आणि ताणलेलं तसंच राहतं. म्हणून कुकरची शिट्टी झाली की मी मोजा वाफेवर धरायचा आणि ओढायचा, असं चाललं. मोजा मापात आला. त्याला वरणाचा वास लागला, हिंगासकट. व्हिडिओ कॉलवर वास जात नाही, या एका गोष्टीसाठी मी विज्ञानाची ऋणी आहे.

एकतीसला पहाटे एक अंगठा शिल्लकच होता. बाथरूममधून हाक आली, “अगं ये, सूर्य उगवायच्या आत नाही केलंस अभ्यंग तर नरकात जाशील!” अंगाला तेल लागलं की लोकरीला हात लावता येत नाही, तेव्हा आधी अंगठा, मग मोक्ष. तुळशीपाशी कारीट फुटलं तेव्हा मी बाल्कनीत दोरा कापत होते.

रात्री भाचीने ते घातले आणि काळ्या शर्टात कॅमेऱ्यासमोर बसली. घरातला पसारा दिसू नये म्हणून तिने मागचं सगळं धूसर करून ठेवलं होतं. त्या सॉफ्टवेअरला काळा मोजा म्हणजेही पसाराच वाटला. त्याने दोन्ही तळहात पुसून टाकले. भोपळा गेला, कवटी गेली. उरली नुसती दहा बोटं, आपोआप टाइप करणारी. अमेरिकेत दोघीजणी किंचाळल्या म्हणे. भाचीला पहिलं बक्षीस मिळालं, आणि माझे मोजे एका माणसालाही दिसले नाहीत.

डिसेंबरात गारठा पडला तेव्हा ते सासूबाईंनी मागून घेतले. जपमाळ ओढायला बोटं मोकळी राहतात, असं त्यांचं म्हणणं. पहाटे सारसबागेत एका बाईंनी कवटीकडे बोट दाखवून विचारलं, “वीज मंडळात होतात का हो?” सासूबाई ‘हो’ म्हणाल्या. आता मीटर नावावर कसं करून घ्यायचं ते विचारायला रोज कुणी ना कुणी त्यांना थांबवतं, आणि त्या सांगतातही.