लेझर आणला म्हणून रेषा सरळ येत नाही

घरकामाच्या गटांतून सध्या एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. लेझर लेव्हल, म्हणजे भिंतीवर उजेडाची रेषा पाडून पातळी दाखवणारे यंत्र, चुकत नाही, त्यामुळे ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) आणि पातळी बघायची पाण्याची नळी अडगळीत टाकावी. लेझरची रेषा भिंतीवर सरळ दिसली की भिंत सरळ समजावी. आणि घरातली व पडवीतली सगळी फरशी त्या रेषेला धरून एकाच पातळीत बसवावी, असे त्यात सांगितलेले आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याच्या जुन्या घरांची डागडुजी काढणाऱ्यांनी हा सल्ला जसाच्या तसा मानला तर त्यांचेच नुकसान होईल, म्हणून हे उत्तर.

लेझर चुकत नाही, हे म्हणणे त्या यंत्राच्या माहितीपत्रकालाच मान्य नसते. घरगुती वापराच्या बऱ्याच यंत्रांत 10 मीटरला 3 मिलिमीटरपर्यंत फरक चालतो असे छापलेले असते. शिवाय आपोआप पातळी धरणाऱ्या साध्या यंत्राच्या पोटात लंबकच लटकत असतो, म्हणजे टाकून द्यायला सांगितलेल्या ओळंब्याच्याच तत्त्वावर ते चालते. हा लंबक लॉक न करता यंत्र दुचाकीवरून खड्ड्यांच्या रस्त्याने आणले तर ते बिघडू शकते. तपासणीसाठी समोरासमोर 5 मीटरवर असलेल्या दोन भिंती घ्याव्यात. यंत्र पहिल्या भिंतीजवळ ठेवून दोन्हींवर रेषेची खूण करावी, मग ते दुसरीजवळ नेऊन रेषा तिथल्या खुणेवर येईल अशा उंचीला बसवावे आणि पहिल्या भिंतीवर रेषा कुठे पडते ते पाहावे. जुन्या खुणेपासून ती 3 मिलिमीटरहून अधिक सरकली असेल, तर त्या यंत्रावर काम करू नये.

पाण्याच्या नळीचे म्हणाल, तर आत बुडबुडा नसला आणि दोन्ही टोके उघडी असली की दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहते, म्हणून तिची पातळी खरीच असते. माजघरातून पडवीपर्यंत, मधल्या भिंतीला वळसा घालून पातळी न्यायची असते तिथे लेझरची रेषा अडते आणि बाहेरच्या उन्हात ती दिसतही नाही.

भिंतीबद्दलचे विधान सर्वांत घातक आहे. आडवी लेझर रेषा एकाच पातळीत असते, त्यामुळे भिंतीला पोट आलेले असले तरी डोळा रेषेच्या उंचीला असताना ती सरळच दिसते. जांभ्याचे चिरे हाताने तासलेले असले तर गिलाव्याची जाडी जागोजागी बदलते आणि अशी पोटे हमखास सापडतात. त्यासाठी 2 मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी भिंतीला आडवी, उभी आणि तिरकी लावून तिच्यामागून उजेड कुठे दिसतो ते पाहण्याला पर्याय नाही. कोपऱ्यांचेही तसेच. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फूट आणि दुसरीवर 4 फूट मोजून खुणा केल्या, तर त्यांच्यातले तिरके अंतर बरोबर 5 फूट भरले पाहिजे. ते 4 फूट 11 इंच भरले तर कोपरा काटकोनात नाही. मग एका भिंतीला धरून फरशी लावत गेल्यास शेजारच्या भिंतीलगतची कापलेली पट्टी 10 फुटांत सुमारे 4 इंचांनी निमुळती होते. हा दोष घरात पाऊल टाकताच नजरेत भरतो, आणि फटी भरायच्या ग्राउटने तो झाकला जात नाही. म्हणून आधी खोलीच्या मध्यातून काटकोनात दोन सुते मारून घ्यावीत आणि कापलेले तुकडे दोन्ही बाजूंना वाटून द्यावेत.

फरशी सगळीकडे एका पातळीत बसवा, हे कोकणात तर कोणी सांगूच नये. जून ते सप्टेंबर वाऱ्याबरोबर आत येणारे पाणी सपाट पडवीत साचते, उंबऱ्यापाशी मुरते आणि लाकडी चौकटीचा पाय कुजवते. पडवीला आणि न्हाणीघराला मीटरमागे साधारण 1 सेंटीमीटर उतार हवाच. लेझर इथे उपयोगी पडतो, पण फक्त मोजण्याचा आधार म्हणून: रेषेपासून उंबऱ्याजवळची फरशी 100 सेंटीमीटर खाली असेल, तर 2 मीटरवरच्या बाहेरच्या कडेला ती 102 सेंटीमीटर खाली असली पाहिजे. हे माप फरशीखालचा माल ओला असतानाच घ्यावे, कारण माल धरल्यानंतर उतार सुधारायचा म्हणजे फरशी उखडावी लागते.