डोळे जेलरचे, हात कैद्यांचे

काका, नमस्कार. (वय ७४ असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणतोय.) माझ्या लेखात शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या तुरुंगावरच्या सिनेमाला नावं ठेवणारा मी कोण, गोष्ट खरी घडलेली आहे हे मला ठाऊक तरी आहे का आणि तुरुंगाची पायरी मी कधी चढलोय का, असं तुम्ही खडसावून विचारलंत.

खऱ्या घटनेबद्दल चूक माझीच. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरचा उल्लेख लेखात यायलाच हवा होता. आटपाडीजवळ, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेतून, कैद्यांना बिनभिंतीच्या वसाहतीत शेतीला लावलं होतं. गदिमांची कथा त्यावरूनच सुचलेली. ती वसाहत आजही आहे, कैदी तिथे बायकामुलांसकट राहतात.

पण काका, सिनेमाचं नावच बघा ना. सहा खुन्यांचे हात बारा, डोळे मात्र दोनच, आणि तेही जेलरचे! शांतारामबापूंचं काम मोठंच आहे, ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ लागलं की मीही हातातलं काम थांबवतो. माझी तक्रार एवढीच की ही माणसं सुधारतात ती आदिनाथ जेलरच्या नजरेला जागून. त्यांना स्वतःला काय दिसतं, हे कुणी विचारतच नाही. ‘बंदिनी’त (१९६३) ते विचारलंय. बाहेर घणाचे ठोके पडतायत, वेल्डिंगचा उजेड नूतनच्या चेहऱ्यावर लखलखतोय, आणि तिची कल्याणी विष देणार हे आपल्याला तिच्या डोळ्यांतच कळतं. मूळ कथा लिहिणारे जरासंध स्वतः तुरुंगाधिकारी होते, हा योगायोग नसावा.

राहिली पायरी. चढलोय, तीनदा. आमच्या चाळीतल्या एका पोराला भेटायला. अंगात घरचाच टी-शर्ट, कारण तो कच्चा कैदी. २०२२ च्या सरकारी आकड्यांत देशातल्या दर शंभर कैद्यांमागे ७६ च्या आसपास असेच, खटला न संपलेले. पडद्यावर मात्र सगळे पक्के: शिक्षा झालेले, एक तर राक्षस नाही तर पश्चात्तापाने रडणारे. या पोराला पश्चात्ताप कशाचा करायचा हेच अजून कोर्टाने ठरवलेलं नाही.

तिसऱ्या मुलाखतीत काचेपलीकडून फोनवर मी विचारलं, “तारखेला काय झालं?”

“नेलंच नाही. गार्ड मिळाला नाही म्हणे. जामीनदाराचं काय झालं, दादा?”

मी घड्याळाकडे बघितलं. मुलाखतीची वेळ संपत आली होती.