पणजोबा शोधावेत, पण बेताने

पणजोबांचा शोध घ्यायला निघण्याआधी एक काम घरीच उरकून घ्या. पणजोबा कोण होते, ते ठरवून टाका. सरदार हवेत की स्वातंत्र्यसैनिक, एवढं पक्कं असलं की तहसील कचेरीत वेळ वाया जात नाही. खानदेशात दोन्हींची सोय आहे. १८५२ साली सावदा-रावेरकडे लोक सरकारी मोजणीविरुद्ध उठले होते, १८५८ साली भिल्लांची इंग्रजांशी आंबापाणीची लढाई झाली. तुमचे पणजोबा १८९० नंतर जन्मले असतील तर जरा पंचाईत आहे खरी, पण गावच्या पारावर वजाबाकी कोण करतो?

घरात पंच्याऐंशीच्या पुढची आजी असेल तर तिला मात्र काही विचारू नका. 'तलवार कथाईन येई? धड वखरनी पास बी नही व्हती,' असं ती चारचौघांत बोलून बसेल.

आता कागद. पहिलं कोतवाल बुक मागा, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, गाव नमुना चौदा. त्यात पणजोबांचं नाव सापडेल या भ्रमात राहू नका. नोंद बारशाच्या आधीची, त्यामुळे बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं 'मुलगा'. चार भाऊ असतील तर चारही 'मुलगा'. त्यातला जो तुमच्या गोष्टीत बसतो तो उचला. मरणाच्या कारणात प्लेग सापडेल, पटकी सापडेल आणि पानोपानी 'ताप' सापडेल. रणांगणावर पडल्याची नोंद कोतवाल बुकात कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. तुम्ही पहिले असाल.

वही नेमकी कुठल्या कचेरीत आहे, हे कुणीच सांगणार नाही. साहेबांना दोष देऊ नका. शहाद्याकडचं एखादं गाव घ्या. ते आधी खानदेशात होतं, १९०६ साली जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा पश्चिम खानदेशात गेलं, पुढे तोच धुळे जिल्हा झाला, आणि १९९८ पासून ते नंदुरबारात आहे. पणजोबा जन्मात ओट्यावरून हलले नसतील, गाव मात्र एवढं फिरलं. दप्तरंही त्याच्या मागे फिरली. काही पोचली, काही वाळवीने वाटेतच तपासून घेतली.

वही मोडीत असली तर वाचणारा नीट निवडा. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे लिहायची रीत नाही. तेव्हा जाणकार फार प्रामाणिक नसलेला बरा. 'इथे काही स्पष्ट लागत नाही' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी उभा जन्म गावोगाव हिंडून दप्तरं जमवली आणि १९२६ साली धुळ्यातच देह ठेवला. त्यांना घाई नव्हती. तुम्हाला एकच कागद हवाय, तोही सोमवारी अर्जाची मुदत संपायच्या आत.

शाळेचं जनरल रजिस्टरही बघून घ्या. तिथे आजोबांची जन्मतारीख १ जून असेल. चुलत आजोबांचीही १ जून. अर्धं गाव त्याच दिवशी जन्मलेलं दिसेल. हा योगायोग मानून पुढे चला, गुरुजींच्या अंदाजाला नावं ठेवू नका.

एक पथ्य कडक पाळा: फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्याची नोंदवही, उघडू नका. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि तेव्हापासून घरातलं सगळं उणंदुणं त्या नोंदवहीत साठत गेलं. वडाखालची चार एकर लग्नापायी गहाण पडली, एका भावाने दुसऱ्याच्या वाटणीवर तक्रार केली, नाल्याकडचा तुकडा सावकाराच्या नावे चढला. असल्या मजकुराला घरात लावायच्या तसबिरीत जागा नसते.

आणि उघडलाच, तर पणजोबांच्या नावापुढे 'अ.पा.क.' दिसेल. ती पदवी आहे असं बैठकीत खुशाल सांगा, कुणी विचारणार नाही. खरं तर बाप वारला तेव्हा पोर अज्ञान होतं, आणि त्याची अज्ञान पालन कर्ती म्हणून आईचं नाव लागलं, एवढीच ती गोष्ट. पोर कळतं होईपर्यंत शेत तिच्या नावाने चाललं. सारा तिने भरला, तगाई, म्हणजे शेतीसाठीचं सरकारी कर्ज, तिने फेडली, सावकाराला दाराबाहेर तिने थोपवलं. जबाबाखाली सहीच्या जागी शाईने भरलेला अंगठा आहे, रेषा अजून मोजता येतील इतका ठसठशीत.

तिथे फार रेंगाळू नका. दाखल्याला बापाकडची वंशावळ लागते. बाईचं नाव कुठल्याच चौकटीत बसत नाही, तिच्या माहेरचा तर कागदच कुणी मागत नाही. झेरॉक्सचे पैसे पानामागे द्यावे लागतात. ते पान वगळलं तर तेवढीच बचत.