केटी नोलनची बाजू

बेटी स्मिथची ‘अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन’ ही कादंबरी आमच्या वाचनगटात मागच्या महिन्यात झाली. चर्चा रंगली, बोलता बोलता दोघीतिघींचे डोळे भरून आले. पण एक गोष्ट तेव्हापासून मनात सलतेय. जवळजवळ प्रत्येकीला त्यातला बाप जॉनी आवडला होता. आई केटीच्या वाट्याला आलेले शब्द होते ‘कडक’, ‘कोरडी’, ‘मुलीवर अन्याय करणारी’. इतर वाचकांशी बोलतानाही मी हेच ऐकत आलेय.

(पुढे कथानक उघड होणार आहे. वाचायची असेल तर इथेच थांबा.)

१९१२ च्या उन्हाळ्यात गोष्ट सुरू होते तेव्हा फ्रान्सी नोलन अकरा वर्षांची आहे आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या विल्यम्सबर्ग या गरीब वस्तीत राहते. बाप जॉनी वाढप्याचं काम करतो, गाणी म्हणतो, दिसायला देखणा आहे आणि दारूपायी संपत चाललाय. आई केटी इमारतींचे जिने घासते, त्या बदल्यात राहायला जागा मिळते. फ्रान्सीला एक नीली नावाचा धाकटा भाऊ आहे.

जॉनी आवडतो यात नवल नाही. पोरीला लांबची चांगली शाळा आवडली म्हटल्यावर तिच्यासाठी खोटा पत्ता देऊन दाखला मिळवणारा बाप कुणाला आवडणार नाही? आणि ती फुलं! जॉनीला जाऊन काही महिने झालेत, फ्रान्सीची शाळा संपते आणि तिच्या बाकावर फुलांचा गुच्छ असतो. सोबत बापाच्या अक्षरातली चिठ्ठी. त्याने आधीच सिसी मावशीकडे पैसे देऊन ठेवलेले असतात. मी रडले. पुन्हा वाचलं तरी रडेन. १९४५ साली एलिया कझानने यावर सिनेमा काढला, त्यातही सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं ते जॉनी झालेल्या जेम्स डनला.

पण आता कॉफीचा प्रसंग आठवा. नोलनांच्या घरात दूध, साखर, सगळं मोजूनमापून. तरी फ्रान्सीला तिच्या वाटणीची कॉफी मिळते. तिला ती प्यायला फारशी आवडत नाही, नुसता वास आणि कपाची ऊब आवडते, मग ती कॉफी मोरीत ओतून देते. मावश्या चिडतात. केटी काय म्हणते? तो तिचा वाटा आहे, तिला ओतून टाकावासा वाटला तर टाकू दे, आपल्यासारख्यांनाही कधीतरी काहीतरी वाया घालवता यावं. ही बाई कोरडी? गरिबीत वाढणाऱ्या पोरीला आपण गरीब आहोत हे घटकाभर विसरू देणं याहून मोठी माया मला तरी माहीत नाही.

आणि जॉनीचा मृत्यू. १९१५ चा नाताळ. डॉक्टर दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहितात, त्यात दारूही येते. केटी अडून बसते. फक्त न्यूमोनिया लिहा. तिच्या पोटात तिसरं मूल आहे, हातात पैसा नाही, नवऱ्याने संसाराची काय दशा करून ठेवली हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तरी आपल्या मुलांच्या बापाच्या नावापुढे दारू लागू नये म्हणून ती भांडते आणि ते मिळवते. मग कपाटात खिळ्यांनी ठोकलेला तो पत्र्याचा डबा उघडला जातो. स्वतःच्या मालकीची जमीन घ्यायची म्हणून वर्षानुवर्षं त्यात सुटे पैसे टाकलेले. त्यातून जॉनीच्या थडग्याची जागा घेतली जाते. ज्या जॉनीसाठी आपण रडतो त्याची अब्रू केटीने राखलीय.

हायस्कूलची गोष्ट मात्र खरीच बोचते. एकालाच पाठवता येईल अशी वेळ येते आणि केटी नीलीला पाठवते. तिचा हिशेब असा की फ्रान्सी काहीही करून शिकेल, नीलीला ढकललं नाही तर तो कधीच जाणार नाही. तिचा जीव मुलावर जास्त आहे, हेही बेटी स्मिथ लपवत नाही. मला हा निर्णय पटत नाही. पण तो घेतला कुणी? निर्णय घ्यायला जी मागे उरली होती तिनेच. गेलेल्याला असे निर्णय घ्यावे लागत नाहीत, त्याची फुलंच तेवढी लक्षात राहतात.

कादंबरी १९४३ ची. त्या वर्षापासून अमेरिकेत सैनिकांना फुकट वाटायला खिशात मावतील अशा खास आवृत्त्या निघू लागल्या, १९४७ पर्यंत अशा बारा कोटींच्या वर प्रती गेल्या. हे पुस्तक त्यांतल्या फार लाडक्यांपैकी एक. सैनिक लेखिकेला पत्रं लिहीत. मलेरियाने आजारी असलेल्या वीस वर्षांच्या एका मरीन सैनिकाने लिहिलं होतं की चिखलातून स्ट्रेचर वाहताना त्यावरच्या दोस्ताचं रक्त ठिबकत होतं आणि त्याला काहीच करता आलं नाही. आता आपण कुणावरच प्रेम करू शकणार नाही, अशी तेव्हापासून त्याची खात्रीच झाली होती. या पुस्तकाने आपलं मन पुन्हा जिवंत केलं, असं त्याने कळवलं.

एका लहान मुलीची गोष्ट लढणाऱ्या पोरांना इतकी का भिडली असेल? मला वाटतं, त्यांना त्यात घर सापडलं. शिळा पाव स्वस्तात आणायला लावलेली रांग, शनिवारी भंगार विकून मिळालेले चार पैसे, झोपण्याआधी रोज बायबलचं एक पान आणि शेक्सपिअरचं एक पान. ते सगळं घर केटीच्या हातांवर उभं आहे, जिने घासून घासून सोललेल्या हातांवर.

पुस्तकात उणिवा आहेत. ज्यू दुकानदारांचं चित्रण आज वाचताना खटकतं. शेवटी मॅकशेनसारखा भला, पैसेवाला माणूस केटीला मागणी घालतो आणि अडचणी फार पटकन सुटतात. पहिली शंभरेक पानं संथ वाटतील, सोडू नका.

तुमच्यापैकी ज्यांनी वाचलंय त्यांनी खाली जरूर लिहा. जॉनीबद्दलही लिहा, पण आधी केटीबद्दल.