‘पेशंटला कशाला विचारायचं?’ या मताचा प्रतिवाद

कॅन्सरचे उपचार संपल्यानंतरच्या काळासाठी ॲप, नोंदवही किंवा फॉलोअपची योजना बनवायची म्हटलं की एक मत हमखास पुढे येतं आणि हातोहात पसरतं: ‘हे तज्ज्ञांचं काम. पेशंटला वैद्यक कळत नाही, घरच्यांना विचारलं तर दहा जणांची दहा मतं. तज्ज्ञांनी बनवावं, शेवटी चार पेशंटना दाखवून घ्यावं.’ मला हे मत साफ चुकीचं वाटतं.

‘पेशंटला वैद्यक कळत नाही.’ औषधाचा डोस ठरवायला पेशंटला कुणी बोलावत नाहीच. किमोनंतर बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा राहतो, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. पण त्याच बोटांनी त्रास किती ते आकड्यात सांगायची फोनवरची बारीक पट्टी सरकवताना 6 वर थांबायचं असतं आणि बोट 8 वर जातं, हे ज्याची बोटं त्यालाच कळतं. तो वैतागून 8 तसाच पाठवतो, नाहीतर ॲप उघडणंच सोडून देतो. ‘आज थकवा किती?’ हा प्रश्नही असाच. सकाळी आंघोळ झाली की आडवं व्हावं लागतं, दुपारी बरं वाटतं, संध्याकाळी ताट उचलवत नाही. यातला कुठला आकडा लिहायचा? प्रश्न ठरवताना पेशंट शेजारी बसलेला असेल तर ‘थकव्यामुळे आज काय करायचं राहिलं?’ असं विचारणं सुचतं.

‘तज्ज्ञांनी बनवलं की पुरे.’ उपचार संपताना प्रत्येकाला पुढच्या काळजीची लेखी योजना द्यावी, अशी शिफारस अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2005 मध्ये केली. शिफारस रास्तच होती. पण कॅनडात स्तनाच्या कॅन्सरच्या 408 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष 2011 चे) अशी योजना मिळालेल्यांचा मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी झाला नाही. नेदरलँड्समध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांना संगणकाने आपोआप तयार केलेली योजना दिली. त्यांचं समाधान वाढलं नाही, आजाराची काळजी मात्र वाढली. याचं सगळं खापर पेशंटला न विचारण्यावर फोडता येणार नाही. पण भरलेला कागद हातात दिला की काम झालं, हा समज या निकालांपुढे टिकत नाही.

‘दहा जणांची दहा मतं.’ असतात. त्यातून वाट काढायच्या पद्धतीही आहेत. इंग्लंडमधल्या ल्यूटनच्या रुग्णालयात डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांचे अनुभव चित्रित केले गेले, मग रुग्ण आणि कर्मचाऱ्यांनी एकत्र बसून काय बदलायचं ते ठरवलं. हे 2000 च्या दशकातलं काम आहे.

घरच्यांना वगळणं तर मला सगळ्यात घातक वाटतं. पुष्कळदा फॉर्म भरतो मुलगा किंवा बायको. रात्री किती वेळा जाग येते, जेवण किती टाकलं जातं, हे त्यांनाच नेमकं सांगता येतं. उलट ‘आजार परत उलटेल का?’ ही भीती पेशंट त्यांच्यासमोर बोलत नाही. ते खोलीत असले की उत्तर एकच, ‘बरंय’. म्हणून दोघांशी वेगवेगळं बोलायला हवं, आणि साधनातही दोघांची पानं वेगळी हवीत. सांभाळणाऱ्याची झोप, नोकरी, पाठदुखी यांची विचारपूस कुठल्या रकान्यात होते, हेही पाहावं.

या मताच्या बाजूने एक तक्रार मात्र खरी आहे: बैठकांना येतात ते बहुधा बोलके, शिकलेले, तब्येतीने सावरलेले. बाकीचे गळतात. पण त्यावर उपाय म्हणजे आणखी कमी लोकांना विचारणं, हे कसं? फॉलोअपच्या रांगेत जाऊन बोलावं, वाचता येत नसेल तर वाचून दाखवावं, प्रवासखर्च आणि वेळेचे पैसे द्यावेत.

आणि शेवटी दाखवून घेण्यात फार तर रंग नि अक्षरांचा आकार बदलतो, कारण तोवर प्रश्न ठरलेले असतात, पैसे संपलेले असतात. पेशंटला बोलवायचं ते प्रश्नांची यादी कोरी असताना. नंतर त्याची कुठली सूचना घेतली, कुठली नाही आणि का नाही, हे त्याला फोन करून कळवायचं.