दाराआडची फणी

‘तुमच्याकडचे बाप डायपर बदलतात, आपल्याकडचे बाप जीव देतात.’ गेल्या जूनमध्ये, फादर्स डेच्या दिवशी, दादाने मला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे लिहिलं. दादा म्हणजे थोरला चुलतभाऊ. ब्रह्मपुरी तालुक्यात, आमच्याच गावात धानाची शेती करतो. वाद एका रीलवरून पेटला होता. फाटकं बनियन, भेगाळलेल्या टाचा, कर्जाचा कागद आणि मागे बासरी. ग्रुपवरच्या सगळ्यांनी हात जोडले. माझ्या धाकट्या बहिणीने एवढंच लिहिलं, ‘बाबांनी माझ्या वेण्या घातल्या, त्याची रील कोणी नाही करत.’ तिला उत्तर मिळालं की बाप वेण्या घालायला नसतो, घर चालवायला असतो. मी मध्ये पडलो, स्वीडनमधल्या बापांच्या रजेबद्दल लिहिलं आणि त्यावर दादाचं ते वाक्य आलं. मग कोणी काही बोललं नाही.

दादाचा राग मला कळतो. त्याच्याबरोबर शाळेत शिकलेला एक शेतकरी मित्र असाच जीव देऊन गेला. त्याच्या दोन पोरांच्या वह्या-पुस्तकांचं दादा बघतो. इथे स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये बसून त्याला शिकवणारा मी कोण, हा प्रश्न त्याच्या वाक्यात होता आणि तो रास्त आहे. पण ते वाक्य मला मान्य नाही. जीव देणं हीच बापाच्या प्रेमाची परीक्षा ठरवली, तर जो बाप कर्ज डोक्यावर घेऊन सकाळी उठतो, बैल सोडतो, पोराला शाळेत धाडतो, त्याच्यासाठी आपण काय ठेवलं? मरायच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ही रील काय सांगत असेल, याचा विचार हात जोडणाऱ्यांनी करावा असं मला फार तळमळीने वाटतं.

विदर्भाबाहेर तर वैदर्भी बाप म्हणजे हाच, असं ठरूनच गेलं आहे. शेतकरी आत्महत्या वाढल्या म्हणून 2006 साली पंतप्रधानांनी पॅकेज जाहीर केलं ते विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी. आमचा चंद्रपूर जिल्हा त्यात नव्हता. आमच्याकडे कापूस कमी, धान जास्त, दुःखंही वेगळी. मोह वेचायला पहाटे जंगलात जायचं आणि वाघाची भीती बाळगायची, हे आमचं. तरी मी विदर्भातला आहे म्हटलं की पुण्या-मुंबईचे मित्रसुद्धा आवाज खाली आणून बोलतात.

आमचा स्वतःचा पडदा वेगळा होता. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, रात्र रात्र नाटकं चालतात. नाटक कंपन्या वडशाला, गावातली माणसं तिथे जाऊन नाटक ठरवून येतात. 2023 साली इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टी रंगभूमीचं नाव बाहेर पोचलं. आम्ही तर त्या नाटकांवरच वाढलो. त्यांतला बाप मला अजून पाठ आहे. एक मिशीवाला पाटील, पोरीने मनाने लग्न केलं म्हणून तिला घराबाहेर काढणारा. दुसरा दारुडा, बायकोचं मंगळसूत्र विकणारा. तिसरा गरीब, हात जोडून सावकारापुढे उभा. तिघंही शेवटच्या अंकात रडायचे आणि बाया पदराने डोळे पुसायच्या.

त्याच वेळी मंचासमोर, तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, चादर अंथरून, माझा बाप बसलेला असायचा. मी त्यांच्या मांडीवर, बहीण कुशीत, तिघांवर मिळून एक घोंगडी. दोन वाजता माझी मान पडली की शेजारचे काका म्हणायचे, ‘पोट्ट्याले उठव, झोपाले आणलं का?’ बाबा म्हणायचे, ‘झोपू दे त्याले. मारामारी आली का उठवतो.’ आणि उठवायचे. एकदाही चुकले नाहीत. पहाटे घरी निघताना पाय इतका सुन्न झालेला असायचा की ते आधी खांबाला धरून उभे राहायचे, पाय झटकायचे, मग बहिणीला खांद्यावर घ्यायचे. त्या मैदानात असे कितीतरी बाप असत. दिव्यांच्या उजेडात पाटील गरजत असायचा आणि ही माणसं अंधारात बसलेली असायची.

वेण्यांचं असं. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत आई बायांच्या टोळीबरोबर उजाडायच्या आत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जायची. शाळेत लाल रिबिनी बांधून जावं लागे, नाहीतर बाहेर उभं करत. बाबा बहिणीला पुढ्यात बसवून भांग पाडायचे. दोन वेण्या कधी सारख्या झाल्या नाहीत, पण सुटल्याही नाहीत. ते हे अंगणात करत नसत. आतल्या खोलीत, दार लोटून. एकदा गल्लीतल्या कोणीतरी हाक मारली तर त्यांनी फणी पटकन धोतराच्या घोळात दडवली आणि बहिणीला म्हणाले, ‘तू बस, मी आलो.’ मी आठ वर्षांचा असेन. बाबांनी काही चोरल्यासारखं का केलं, हे मला तेव्हा समजलं नाही.

समजलं ते इथे, एक जुनं पोस्टर पाहून. स्वीडनने 1974 साली आईची बाळंतपणाची रजा बदलून आई-बाप दोघांची केली. बापांनी घेतलीच नाही. पहिल्या वर्षी एकूण दिवसांतले जेमतेम अर्धा टक्का दिवस त्यांनी घेतले. मग 1978 मध्ये सरकारने पोस्टर काढलं. लेनार्ट डालग्रेन हा धिप्पाड भारोत्तोलक, ज्याला लोक ‘होआ-होआ’ म्हणत, आणि त्याच्या दणकट हातांत तान्हं मूल. वर एवढंच, की हा मुलासाठी रजेवर असलेला बाप. मला ते पाहताना थेट धोतराच्या घोळातली फणी दिसली. इथल्या बापांनाही तीच लाज वाटत होती. सरकारने त्या लाजेला नाव न घेता हात घातला: याच्याहून मर्द कोण आहे ते दाखवा!

चित्राने सगळं झालं नाही, हेही लिहायला हवं. बापासाठी राखीव महिना 1995 साली आला, दुसरा 2002 साली, तिसरा 2016 साली. आज रजेच्या एकूण 480 दिवसांपैकी 90 दिवस एकेका पालकाचे राखीव आहेत. घेतले नाहीत तर बुडतात. इतकं करूनही बापांचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपासच आहे. मुलगी झाली तेव्हा मी सहा महिने घरी होतो, पगाराचा मोठा हिस्सा मिळत होता. दादाला हे सुख कोण देणार? आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरदाराला 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. शेतकऱ्याला रजा मागायला साहेबच नाही. जूनच्या तिसऱ्या रविवारी फादर्स डे येतो तेव्हा तो पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकत असतो. म्हणून इथला कायदा उचलून तिकडे ठेवा असं मी म्हणत नाही. पोस्टर मात्र आपण काढू शकतो, त्याला पगार लागत नाही.

आणखी एक. बापाला देव करणाऱ्या रीलचा मला दुसराही राग आहे. आमच्या जिल्ह्यात 2015 ते 2021 दारूबंदी होती, आणि ती यावी म्हणून गावागावांतल्या बाया रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांच्या घरातला बाप कसा होता ते त्यांना विचारा. नाटकातला दारुडा खोटा नव्हता. त्याला झाकून सगळ्या बापांना एकच हार घालायचा, हे त्या बायांवर आणि त्यांच्या लेकरांवर अन्याय आहे. आणि जो बाप पीत नव्हता, मारत नव्हता, पोरांजवळ बसत होता, त्याच्यावरही.

झाडीपट्टीच्या लेखकांना माझी कळकळीची विनंती आहे. पाटील ठेवा, दारुडा ठेवा. पण एखाद्या अंकात एक बाप असा आणा की जो दार उघडं ठेवून पोरीची वेणी घालतोय आणि तेवढ्यात सरपंच घरी येतो. तो फणी लपवत नाही. प्रेक्षक हसतील आधी, हसू दे. मंचासमोर तणसावर बसलेला कोणीतरी हसणार नाही.

हे लिहायच्या आधी मी बाबांना फोन केला, वेण्यांचं लिहू का म्हणून विचारलं. ‘ते कायले लिहितं? दुसरं काही लिही,’ म्हणाले. मग बराच वेळ फोनमधून कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मला वाटलं, ते उठून गेले. तेवढ्यात म्हणाले, ‘केस दाट होते तिचे. दोन दिवस नाही विंचरलं का मोठा गुंता व्हाचा. खालून सोडवत यावं लागे.’