म्हणे, होईल सगळं नीट!
दादाकडे क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा विषय काढला की एकच उत्तर: 'होईल रे सगळं नीट, पॉझिटिव्ह राहा!' अरे, आपोआप कसं नीट होईल? महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे वर्षाला 42, चक्रवाढ वेगळंच. हा दर महिन्याला फक्त 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरतो आणि कर्ज फिटतंय म्हणून खूश! त्यातलं बरंचसं व्याजातच जातं, मुद्दल जागच्या जागी. बँकेची पाकिटं न फोडताच फ्रिजवर. वर सकाळी सहाला फॅमिली ग्रुपवर उगवता सूर्य आणि सुविचार. काल वहिनीने कॅल्क्युलेटर पुढे सरकवला, तर म्हणतो, 'निगेटिव्ह एनर्जी नको घरात.' आकडा बघितला की अपशकुन होतो का रे? पाकिटांवर आता इडलीपात्र ठेवलंय.